सासूबाईंचं लाल इंजेक्शन



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. सकाळचा अभिषेक आटोपून मी पारावर बसले होते, चष्मा लावून वाचला. ‘परदेशी शास्त्रज्ञांच्या संशोधनाने सिद्ध! शाकाहारी लोकांनी बी १२ ची चिंता सोडा. स्पिरुलिनाच्या रोज दोन गोळ्या घ्या, इंजेक्शनची गरज नाही.’ खाली हात जोडलेली पाच चित्रं. पाहता पाहता वीस-बावीस जणींनी ‘खूप छान माहिती’ म्हणून टाकलं. दिवस होता उत्तम सत्य धर्माचा, हे मला नंतर घरी पोळ्या लाटताना आठवलं.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कारण हाच मेसेज, जवळजवळ याच शब्दांत, काही वर्षांपूर्वी मी स्वतः मंडळाला पाठवला होता. आणि नुसता पाठवला नव्हता, घरात वापरलाही होता. माझ्या सासूबाईंवर.

आईंना (आम्ही सासूबाईंना आईच म्हणायचो) तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं वर्ष होतं. बाई मोठी कडक. पाणी गाळल्याशिवाय तांब्या भरायचा नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट नाही, पिठाची मर्यादा उलटली की डबा रिकामा. भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक तोंडपाठ, एकदा सुरू केलं की मध्ये श्वास घ्यायला थांबायच्या तेवढंच. त्या वर्षी त्या मध्येच अडकायला लागल्या. बाविसावा झाला की पुन्हा एकोणिसावा. आम्ही हसून घेत होतो, त्याही हसत होत्या. मग चालताना पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. एक पाय चपलेत, एक अनवाणी, तशाच स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. ‘कापसावर चालल्यागत वाटतंय गं,’ म्हणायच्या. जीभ लालबुंद, गुळगुळीत, साधी हिरव्या मिरचीची फोडणी सोसेना. आम्ही भाजीतलं तिखट कमी केलं. वय झालं, दुसरं काय.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन ११.४. ‘या वयात छानच आहे,’ म्हणाले. मीही निश्चिंत झाले. त्यात तो मेसेज आला, ‘संशोधनाने सिद्ध’ असं ठळक अक्षरात. शाकाहारी, शुद्ध, शेवाळापासून केलेली गोळी. मी लगेच मागवली आणि आठ महिने आईंना रोज दोन दिल्या. पैसे गेले त्याचं काही नाही. ते आठ महिने गेले, त्याचं आजही वाईट वाटतं.

एका चतुर्दशीला त्या मंदिराच्या पायरीवर पडल्या. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालताना तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने त्यांना चालून दाखवा म्हटलं, डोळे मिटून उभ्या राहा म्हटलं, आणि मग लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवलं. ‘आजी, काही थरथरतंय का?’ आई म्हणाल्या, ‘काय थरथरायचंय?’ मी शेजारी होते, मला तो झंकार ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, बी १२ फक्त ९६. निदान दोनशेच्या वर असायला हवं होतं.

इंजेक्शनं सुचवली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नर्सने बाटली फोडली आणि आईंनी हात मागे घेतला. औषध लालभडक होतं. ‘हे रक्त आहे. मी घेणार नाही.’

नुसत्या रंगावरून त्या म्हणत नव्हत्या. १९५७ साली यांच्या जन्मानंतर आईंच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. ती संपल्यावर सासऱ्यांनी खोक्यावरचं वाचलं, लिव्हर एक्स्ट्रॅक्ट. जनावराच्या काळजाचा अर्क. घरात तीन दिवस चूल पेटली नाही म्हणे. आईंनी महाराजांकडून प्रायश्चित्त घेतलं, आणि ते इंजेक्शन आयुष्यभर मनात तसंच टोचत राहिलं. आता साठ वर्षांनी तेच परत आलं, असं त्यांना वाटलं.

‘तसं नसतं आता,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘कशावरून?’ आईंनी विचारलं. त्या बिचारीला दुसरे पेशंट होते. ‘कशावरून’ हा प्रश्न मग माझ्या पदरात आला.

मी बी.कॉम. मराठी माध्यमाची, इंग्रजी कामापुरतं. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. पण माझी धाकटी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, ‘आई, मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस, तूच वाच.’ आणि तिने मला पबमेड दाखवलं. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाने चालवलेली ही यादी आहे. जगभरच्या वैद्यक आणि जीवशास्त्राच्या नियतकालिकांत छापून आलेल्या संशोधनाची साडेतीन कोटींहून जास्त नोंद तिथे आहे, आणि बघायला पैसे पडत नाहीत. बऱ्याच लेखांचा गोषवारा तरी वाचता येतो, कधी कधी पूर्ण लेखही. कोणी केलं, कुठे केलं, किती जणांवर केलं, पैसा कोणाचा, सगळं लिहिलेलं. मला वाटलं होतं काही कळणार नाही. पण ताळेबंद वाचायची सवय असलेल्या बाईला हे फार परकं नाही. वरचा आकडा कितीही गोंडस असो, खालच्या टिपा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलं होतं.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला जुन्या लेखांत सापडलं. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी ४५ रुग्णांची हकीकत छापली. रक्त आटून माणूस हमखास मरायचा असा एक पांडुरोग होता. त्या रोग्यांना रोज जवळजवळ पाव किलो यकृत खायला घातलं आणि ते उठून बसले. याबद्दल त्या दोघांना आणि व्हिपल यांना १९३४ चं नोबेल मिळालं. मग यकृताचा अर्क निघाला, इंजेक्शनं निघाली. आईंना मिळालं ते हेच. म्हणजे त्यांच्या सासरच्यांनी खोकं बरोबर वाचलं होतं.

पण यकृतातलं नेमकं काय गुण देतं ते १९४८ साली हाती आलं. इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडे वेगवेगळ्या लोकांनी, टनावारी यकृतातून चिमूटभर लाल स्फटिक वेगळे केले. लाल रंग रक्ताचा नव्हे. या जीवनसत्त्वाच्या पोटात कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो, आणि त्याच्या भोवतीच्या कड्यामुळे तो रंग येतो. डोरोथी हॉजकिन या बाईंनी पुढे क्ष-किरणांनी त्याची घडण उलगडली, १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या त्यांना मिळालं. आणि त्याच १९४८ साली आणखी एक छोटा लेख आला, की स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस नावाचे मातीतले जंतू हेच बी १२ बनवतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन देणारे तेच हे. खरं म्हणजे बी १२ कुठलंच झाड बनवत नाही आणि कुठलंच जनावरही बनवत नाही. ते फक्त सूक्ष्म जंतूच बनवतात. गायीच्या पोटात ते जंतू असतात म्हणून गायीच्या यकृतात आणि दुधात ते येतं. आज बाजारातलं बी १२ मोठ्या टाक्यांत जंतू वाढवून, आंबवून काढतात. यकृताची गरज संपली त्याला किती वर्षं झाली.

मी हे सगळं आईंना सांगितलं. अगदी विजयी सुरात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आणि ते टाकीतले जीव? ते मरतात की नाही?’

मरतात. काय सांगणार होते? औषधासाठी पंचेंद्रिय प्राण्याची हिंसा नाही, पण हिंसा मुळीच नाही असं नाही. आता आईंशी खोटं बोलणं मला जमणार नव्हतं, एकदा अर्धवट माहितीवर त्यांचे आठ महिने घालवलेच होते. तेव्हा गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. आम्ही दोघी गेलो. मी सगळं सांगितलं, अगदी १९४८ सकट. माताजींनी मला एकच विचारलं, ‘हे तू वाचलंस की ऐकलंस?’ वाचलं म्हटलं. मग त्या आईंकडे वळल्या, म्हणाल्या, ‘देह साधनेचं साधन आहे की नाही ते तुम्ही ठरवा. घ्या असंही मी सांगणार नाही, घेऊ नका असंही नाही.’ आई रस्त्यात काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, ‘इंजेक्शनच्या दिवशी मी मीठ सोडीन.’ तो त्यांचा रसत्याग शेवटपर्यंत चालू होता. महिन्यातून एक दिवस अळणी भाजी आमच्या घरी अशी आली. त्या दिवशी मीही तीच खायचे, सवयीने.

जीभ तीन-चार आठवड्यांत बरी झाली. बोलणं-आठवणं बरंच सुधारलं, भक्तामर पुन्हा पूर्ण व्हायला लागलं, क्वचित अडखळायचं. पाय मात्र पुरते आले नाहीत. नसांवरचं आवरण एकदा खराब झालं आणि फार दिवस गेले की सगळं भरून येत नाही. काठी राहिलीच. २०२१ च्या चैत्रात त्या गेल्या. काठी अजून देवघराच्या कोपऱ्यात आहे.

वाचायची खोड मात्र मला लागली ती लागलीच. पहिला प्रश्न होता, हिमोग्लोबिन चांगलं असताना हे झालं कसं? याचं उत्तर मिळालं ते थेट आपल्या मुंबईतून. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली, परळच्या हाफकिन संस्थेत. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून दगावायच्या, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. त्या बायका काय खातात हे ती पाहत गेली, आधी उंदरांवर, मग माकडांवर तसाच आहार देऊन पाहिला. (हा भाग वाचताना मला नीट वाचवलं नाही. पण झालं ते झालं, लपवायचं कशाला.) शेवटी यीस्टचा एक स्वस्तातला काळपट अर्क, मार्माइट, दिल्यावर बायकांचं रक्त भराभर सुधारलं. हे १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्यातला गुण म्हणजे पुढे ज्याला फोलेट म्हणू लागले ते. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं, नावही पानावरूनच पडलं. आज गरोदरपणी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिची सुरुवात आपल्या गिरणगावातल्या बायांच्या रक्तापासून झाली. गिरणगावावर इतकं लिहिलं जातं, पण या बायांचा उल्लेख मला कुठे भेटला नाही.

गोम इथेच आहे. रक्तासाठी फोलेट आणि बी १२ दोन्ही लागतात, आणि फोलेट भरपूर असलं तर बी १२ कमी असूनही रक्त बरंच दिवस बरं दिसू शकतं. नसा मात्र आतून झिजत राहतात. आपल्या जेवणात पालेभाज्या, डाळी, हरभरे, म्हणजे फोलेट मुबलक. आईंच्या ताटात रोज एक पालेभाजी असायचीच. रक्ताने आम्हाला फसवलं ते असं. शिवाय यकृतात बी १२ चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणजे दरवर्षी तोटा होतोय, पण राखीव निधीतून भागतंय, आणि बँकेचा शेवटचा चेक परत येईपर्यंत मालकाला पत्ता नाही. अशा पेढ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

मग मी आपल्या भागातलं काय छापलं आहे ते शोधलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव सारखं येतं. २००१ साली परदेशी संशोधकांबरोबर त्यांनी पुण्यातल्या २०४ जणांचा अभ्यास छापला, त्यात ४७ टक्के लोकांत बी १२ कमी. २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा छापला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. कमतरता ६७ टक्क्यांत, आणि सगळ्यांत जास्त कोणात, तर शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. मला हसू आलं. बंगला आहे, गाडी आहे, काजू-बदाम आहेत, आणि हे नाही. त्या अभ्यासात सगळे पुरुषच होते, एकही बाई नाही, हे मी टीप म्हणून माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे. आपलं काय, असं कोणी विचारायचं?

या लेखांत कमतरतेची रेघ १५० वर मारलेली. मी माझाही रिपोर्ट काढला होता, १६४. वाचली गं बाई, म्हणून मी सुखाने झोपले. दोन दिवसांनी लेकीने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. लेखातले दीडशे पिकोमोलमध्ये होते, माझे एकशे चौसष्ट पिकोग्रॅममध्ये. दीडशे पिकोमोल म्हणजे साधारण दोनशे तीन पिकोग्रॅम. डॉलरचा आकडा रुपयांशी ताडून पाहावा तसं मी केलं होतं. बी.कॉम. झालेल्या बाईने! माझ्या पायांना रात्री मुंग्या यायच्या, त्यांना मी व्हेरिकोज व्हेन्स समजत होते. तेव्हापासून माझंही औषध चालू आहे.

छापलं ते सगळं खरं, असंही मी आता धरत नाही. १९९८ साली ‘लॅन्सेट’सारख्या नामवंत नियतकालिकात गोवराच्या लसीचा आणि मुलांतल्या स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा लेख आला. मुलं होती फक्त १२. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरची सनद गेली. पण आयांच्या मनातली भीती कोण मागे घेणार? म्हणून मी आता बघते ती साधी गोष्ट: माणसांवर केलं की उंदरांवर, बारा जणांवर की बाराशे, आणि दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिलं का.

स्पिरुलिनाचं मी असंच पाहिलं, उशिरा का होईना. १९९१ साली हॉलंडमधल्या काही कडक शाकाहारी मुलांना समुद्रशेवाळ आणि स्पिरुलिना देऊन पाहिलं होतं. रक्तात बी १२ चा आकडा वाढला, पण रक्तपेशी सुधारल्या नाहीत, उलट बिघडतच गेल्या. मुलं मोजकीच होती, तेव्हा मी एकट्या त्या लेखावर विसंबले नसते. पण १९९९ साली जपानच्या वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या, तर त्यात बहुतांश होतं ते नकली बी १२. दिसायला तसंच, पण माणसाच्या शरीराला उपयोगाचं नाही. खोट्या नाण्यासारखं मोजणीत भरतं, बाजारात चालत नाही. म्हणजे मी आईंना गोळ्या देण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे जगाला माहीत होतं. मेसेजमध्ये ‘संशोधनाने सिद्ध’ असं होतं, कुठलं संशोधन, कुणाचं, हे नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

आता सुनेची गोष्ट सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणी आज्या होणार आहात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूने गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आई काय खाते, बाळ किती वजनाचं होतं, आणि मग त्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा. २००८ साली त्यातला एक लेख ‘डायबेटोलॉजिया’त आला. दोन तृतीयांश आयांमध्ये बी १२ कमी होतं. फोलेट मात्र एक बाई सोडून कोणाचंही कमी नव्हतं. आणि ज्या आयांत बी १२ कमी पण फोलेट जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त आढळलं. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट.

हे वाचून मी घाबरले. आमच्या घरात तीन पिढ्या मधुमेह. पण लेकीने आठवण करून दिली, एकत्र आढळणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे. ते खरं. म्हणूनच त्याच लोकांनी पुढे २०१२ साली ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू केली. त्या अभ्यासातली बाळं आता तरुण झाली होती. त्यांना लग्नाआधीपासूनच रोज बी १२ द्यायचं, फक्त दोन मायक्रोग्रॅम, आणि त्यांना होणारी बाळं पाहायची. २०२१ साली छापून आलं की ज्या आयांना बी १२ मिळालं होतं त्यांच्या दोन वर्षांच्या बाळांचा बौद्धिक विकास थोडा सरस दिसला. अभ्यास लहान आहे, आणखी यायला हवं. पण आजी म्हणून एवढं मला पुरलं. सून गरोदर राहण्याच्या आधीच तिच्या डॉक्टरांना मी विचारलं, फॉलिक ॲसिडबरोबर बी १२ ही तपासाल का? सुनेला आधी राग आला. ‘आई, माझ्या ताटावर आता तुमची तपासणी?’ चुकलंच माझं, तिला आधी न विचारता मी तिच्या डॉक्टरांशी बोलले. मग मी तिला आईंची चप्पल सांगितली. ती नव्या घरात आली तेव्हा आई काठीवर आल्या होत्या, तिला वाटायचं त्या कायम तशाच होत्या. तिचं बी १२ निघालं १४१.

मंडळात काही जणी म्हणतात, हे सगळं शाकाहाराला बदनाम करायला काढलेलं आहे. मला तसं वाटत नाही. याज्ञिकांच्या लेखात कुठे मांस खा असं लिहिलेलं मला दिसलं नाही. उलट पुण्यातच तरुण शाकाहाऱ्यांना रोज नियमाने दूध देऊन पाहिलं, तर बी १२ सुधारतं असं २०१३ साली छापून आलं आहे. पण रोज म्हणजे रोज, आणि दूध म्हणजे पेलाभर. चहात दोन चमचे घातलेलं नव्हे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधात मिळतं साधारण एक. शिवाय वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होऊन ते नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी. आपल्या वयाच्या किती जणींच्या पर्समध्ये या दोन्ही गोळ्या आहेत, मोजा बघू. आणि औषध घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून. कॅप्सूलचं टरफल बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं, तेव्हा साधी गोळी मागा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

तर त्या दिवशी, उत्तम सत्याच्या दिवशी, पोळ्या झाल्यावर मी हात धुऊन बसले आणि ग्रुपवर लिहिलं. संशोधनाबद्दल दोन ओळी, बाकी सगळं आईंबद्दल. हा मेसेज पूर्वी मीच पाठवला होता, त्यावर विसंबून मी आठ महिने घालवले, हेही लिहिलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मेसेज टाकणारीने अंगठा दिला, तो रागाचा की मान्य असल्याचा, अंगठ्यावरून कळत नाही.

रात्री साडेनऊला मागच्या गल्लीतल्या वहिनींचा फोन आला. सत्तरीच्या, एकट्या राहतात, मंडळात कधी तोंड उघडत नाहीत. आधी अभिषेकाच्या पाळीबद्दल बोलल्या, मग उद्याच्या एकासनाबद्दल. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘तुमच्या आईंची चप्पल निसटायची ना, ती त्यांना अजिबात कळायची नाही का, की थोडी कळायची?’

मी विचारलं, तुमची किती दिवस निसटतेय. त्या म्हणाल्या, गुढीपाडव्यापासून.

पर्व संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी त्यांना घेऊन लॅबमध्ये गेले. जिना त्या माझा हात धरून, एकेक पायरी खाली बघत चढल्या.